प्रयोगवहीतील साक्ष

शहाडच्या सेंच्युरी रेयॉन कारखान्याने लाकडाच्या लगद्यापासून धागा काढून अनेक कुटुंबांचे संसार उभे केले. अशा कारखान्यात आम्लाचे प्रमाण खोटे नोंदवले, तर लबाडी फार काळ लपत नाही; धागाच चुगली करतो. आज याच परिसरातील मुलेमुली लोकलने मुंबईच्या प्रयोगशाळांत संशोधनासाठी जातात. तेथील प्रयोगवहीत एखादा आकडा बदलला, तर तो वर्षानुवर्षे कोणाच्या लक्षातही येणार नाही. जे असत्य कोणाला कळत नाही, ते पाप ठरते काय?

दहा निरीक्षणांपैकी नऊ जुळतात, एक जुळत नाही. मार्गदर्शक निष्कर्षाची वाट पाहत असतात. शिष्यवृत्तीची मुदत सरत आलेली असते. प्रयोगात खरोखर दोष आढळला, तर तसे लिहून ते निरीक्षण बाजूला ठेवण्यात गैर नाही. मात्र केवळ नकोसे म्हणून ते वगळणे ही खोटी साक्षच होय. आठवी आज्ञा शेजाऱ्याविषयी बोलते. त्या आकड्यावर विसंबून उद्या औषध करणारा आणि ते घेणारा रुग्ण, हे दोघेही आपले शेजारीच आहेत.

परंतु दोष एकट्या विद्यार्थ्याचा असतो काय? ऑगस्टिनियन मठवासी ग्रेगोर मेंडेल यांनी वाटाण्याच्या झाडांवरील आपले प्रयोग १८६५ साली मांडले. त्यांचे आकडे अपेक्षेशी जरा अधिकच जुळतात, असे संख्याशास्त्रज्ञ रोनाल्ड फिशर यांनी १९३६ साली दाखवले. काय अपेक्षित आहे हे पुरेपूर ठाऊक असलेल्या एखाद्या साहाय्यकाने ते जुळवले असावेत, असा त्यांचा तर्क होता. पुढे अनेक अभ्यासकांनी मेंडेल यांची बाजू घेतली. तो तर्क खरा असो वा नसो, वरिष्ठांना खूश करण्याची धडपड सत्याला कशी गिळू शकते, हे त्यातून उमगते.

कमला सोहोनी यांना १९३३ साली बंगळूरच्या विज्ञान संस्थेत सर सी. व्ही. रामन यांनी स्त्री म्हणून प्रथम नाकारले. त्यांच्या आग्रहामुळे प्रवेश मिळाला, तोही एका वर्षाच्या परीक्षेच्या अटीवर. त्यांनी कामाच्या गुणवत्तेने उत्तर दिले आणि १९३९ साली केंब्रिजची डॉक्टरेट मिळवली. पण प्रत्येकाजवळ असे मनोबल असेलच असे नाही. ज्याचे स्थान डळमळीत, त्याला भय अधिक. आणि भयातूनच बहुधा असत्य जन्मते. म्हणून ‘जुळले नाही’ असे निर्भयपणे सांगता येईल, अशी जागा विद्यार्थ्याला देणे हे गुरूचे कर्तव्य आहे.

हे कर्तव्य घराचेही आहे. ‘पीएच.डी. कधी होणार?’ असे आपण जेवताना सहज विचारतो. त्याऐवजी ‘आज काय आढळले?’ असे विचारून पाहावे. ‘काहीच नाही’ असे उत्तर आले, तरी त्या मुलाच्या ताटात तितक्याच मायेने वाढावे. सत्य बोलण्याचे बळ बहुधा अशाच घरातून मिळते.