एक निर्मिक, एक हौद

‘देव एकच आहे’ असे आपल्याकडे कुणीही सहज म्हणतो. देवघरात टाक पाच असोत की पंचवीस, म्हणणाऱ्याची जीभ अडखळत नाही, कारण त्या वाक्याने त्याच्याकडे काही मागितलेलेच नसते. देव एक मानल्यावर माणसाने काय सोडले, यावरच मी ती श्रद्धा जोखतो.

१८६७ साली मुंबईत प्रार्थना समाज निघाला. रानडे, भांडारकर यांच्यासारखे विद्वान त्यात आले. एकच निराकार ईश्वर, मूर्तिपूजा नाही, ही त्यांची तत्त्वे. त्यांची तळमळ खरी होती. पण जात सोडण्याची अट सभासदावर नव्हती, आणि तिथेच मला तो एकेश्वरवाद अर्ध्या वाटेत थांबलेला दिसतो.

जोतीराव फुल्यांनी देवाला ‘निर्मिक’ म्हटले. या शब्दाला ना मूर्ती, ना क्षेत्र, ना पुजारी. ज्याने निर्माण केले तो, एवढाच त्याचा अर्थ. पण निर्माण करणारा एक म्हटले की त्याची सगळी लेकरे सारखी ठरतात आणि पाणीही सगळ्यांचे ठरते. जोतीरावांनी १८६८ साली आपल्या घरचा हौद अस्पृश्यांना खुला केला. माझ्या लेखी महाराष्ट्रात एकेश्वरवादाचा याहून चांगला अर्थ कुणी सांगितलेला नाही. पुढे १८७३ मध्ये सत्यशोधक समाज स्थापन झाला आणि भटजीवाचून लग्ने लागू लागली. लेकराला आईबापाशी बोलायला मध्ये दलाल कशाला, हा साधा प्रश्न त्यामागे होता.

एक देव मानणारे इतरांच्या देवांचा द्वेष करतात, असा आक्षेप घेतला जातो. इतिहासात तसे घडलेही आहे, ते नाकारण्यात अर्थ नाही. जोतीराव मात्र एका घराचे चित्र रंगवतात. त्या घरात बाई बौद्ध आहे, नवरा ख्रिस्ती, मुलगी मुसलमान आणि मुलगा सार्वजनिक सत्यधर्मी. कुणी कुणाच्या धर्माचा हेवा करायचा नाही, सगळ्यांनी एका निर्मिकाची लेकरे म्हणून प्रेमाने नांदायचे. एकाच चुलीवरचे जेवण जेवणारी ही चार माणसे मला एकेश्वरवादावरच्या कितीतरी व्याख्यानांपेक्षा जास्त पटतात.

हे घर ‘सार्वजनिक सत्यधर्म पुस्तका’त आहे. पक्षाघाताने उजवा हात निकामी झाल्यावर जोतीरावांनी ते डाव्या हाताने लिहिले. ते छापून आले १८९१ साली, त्यांच्या मृत्यूनंतर.