उन्हाच्या चष्म्याची पारख

घोडेगावच्या जनावरांच्या बाजारात बैल घेणारा शेतकरी त्याचे दात पाहतो, खुरांवरून हात फिरवितो, चार पावले चालवून बघतो आणि मगच पैशाला हात घालतो. तोच शेतकरी नगरास रस्त्यावरच्या विक्रेत्याकडून उन्हाचा चष्मा घेऊ लागला, म्हणजे त्याच्यापाशी एकच कसोटी उरते : काच किती काळी आहे! आणि नेमकी हीच कसोटी खोटी होय. सूर्यकिरणांतील जो अतिनील भाग डोळ्यांस बाधक, तो मनुष्यास दिसतच नाही. आणि त्यास अडविण्याचा गुण काचेच्या काळेपणावर अवलंबून नसतो. पॉलिकार्बोनेटचे भिंग अगदी पांढरे असले तरी ते किरण अडविते. उलट, नुसत्या रंगविलेल्या काचेआड अंधार झाल्याने बाहुली मोठी होते, आणि ज्यांना बंदी करावयाची त्यांनाच दार अधिक उघडे मिळते. स्वस्त तेवढे निकृष्ट असे मात्र कोणी समजू नये. ४०० नॅनोमीटरपर्यंतचे किरण अडविणारे भिंग अल्प किमतीतही मिळते. भारी किमतीतील मोठा वाटा चौकटीचा आणि नावाचा असतो.

तेव्हा प्रश्न केवळ काटकसरीचा नाही. ज्या मालाचा गुण ग्राहकास पाहताच येत नाही, त्याच्या बाबतीत 'पाहून घ्या' एवढे म्हणून विक्रेता मोकळा होतो काय? आमच्या मते नाही. तेथे त्याचे मौनही असत्यातच जमा धरले पाहिजे. 'यू.व्ही. ४००' ही चिठ्ठी कोणीही चिकटवील. भिंग यंत्रावर धरून दाखविणारा दुकानदार चार पैसे अधिक घेवो, ते आम्ही आनंदाने देऊ.

पाथर्डी-शेवगावकडील ऊसतोडणी कामगार दिवाळीच्या सुमारास घर सोडतात, ते उन्हाळा लागेपर्यंत उघड्या फडात राबतात. ऊन व धूळ यांनी बुबुळावर मांसाचा पडदा चढू शकतो. मोतीबिंदूसही हे ऊन हातभार लावते. तरीही फडातील एखाद्या बाईने काळा चष्मा लावला, तर सारा फड तिला हसेल; शिर्डीस मोटारीतून उतरणाऱ्यास कोणी हसत नाही. वाचावयाच्या चष्म्यास आपल्या भाषेने 'चाळिशी' म्हणून घरचा केला, उन्हाच्या चष्म्याच्या वाट्यास मात्र 'गॉगल' हा परका शब्द आणि छानछोकीचा आरोप आला. सरकारी हिशेबही तसाच : सप्टेंबर २०२५ मध्ये दृष्टिदोषाच्या चष्म्यांवरील वस्तू व सेवा कर ५ टक्क्यांवर आला, नुसत्या उन्हाच्या चष्म्यांवर तो १८ टक्केच राहिला.

टोळीस उचल देताना मुकादम कोयत्यांचा हिशेब मांडतो. दर कोयत्यामागे पांढऱ्या पॉलिकार्बोनेटचे दोन चष्मे धरले, तर उसाच्या धारदार पात्यांपासूनही डोळे वाचतील. त्यास खर्च किती येतो, हे कारखान्यांनी येत्या हंगामापूर्वी एकदा काढून पाहावे.