सामाईक वाफ्याचा धनी कोण?

औंढा नागनाथ तालुक्यातील जवळा बाजार हे नावाप्रमाणेच बाजाराचे गाव. अशा गावांच्या कडेची शेते हळूहळू मोजली जातात, दगड रोवले जातात आणि शेताचे प्लॉट होतात. मोठ्या ले-आउटच्या नकाशात साधारणतः दशांश भाग ‘खुली जागा’ म्हणून राखलेला असतो. नकाशावरचा तो हिरवा चौकोन जमिनीवर मात्र क्वचितच उतरतो. तेथे गाजरगवत माजते, घरबांधणीतून उरलेल्या विटा साचतात. जागा सर्वांची आहे, म्हणूनच ती कोणाचीही नाही, असा आपला अनुभव आहे.

अशा जागेवर शेजाऱ्यांनी मिळून भाजीपाला पिकवावा, ही कल्पना ऐकताना गोड वाटते. परंतु मेथीची पहिली जुडी हाती येण्यापूर्वीच प्रश्न उभा राहतो : ही जुडी कोणाची? ज्याने वाफा खणला त्याची, की त्या जागेवर ज्याचा समान हक्क आहे अशा प्रत्येकाची? ‘बारभाईची खेती’ हा शब्दप्रयोग आपल्या भाषेत उगाच आलेला नाही. वरवर क्षुल्लक दिसणारा हा प्रश्न वस्तुतः न्यायाचा प्रश्न आहे.

१९६८ साली गॅरेट हार्डिन या अमेरिकन शास्त्रज्ञाने एक निबंध लिहून असे मांडले की, सामाईक कुरणात प्रत्येक गुराखी आपले एक जनावर वाढवीत जातो आणि अखेरीस कुरणच संपते. मराठवाड्यातील गायरानांची दशा पाहिलेल्या माणसाला हे पटकन पटते. पण एलिनॉर ऑस्ट्रॉम या विदुषीने १९९० साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या ग्रंथात याला उत्तर दिले. हार्डिन यांनी वर्णिलेले कुरण सामाईक नव्हे, बेवारस होते, हा त्या उत्तराचा मथितार्थ. जेथे हद्द ठरलेली आहे, नियम वापरणाऱ्यांनीच केले आहेत, देखरेख त्यांचीच आहे आणि चुकणाऱ्याला आधी सौम्य व मग कडक दंड आहे, तेथे सामाईक संपत्ती शतकानुशतके टिकली आहे. २००९ साली त्यांना अर्थशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले.

यासाठी आपल्याला परदेशी जाण्याचे कारण नाही. धुळे-नाशिक भागात पांझरा, मोसम या नद्यांवरील फड पद्धतीने हेच सिद्ध केले आहे. बंधाऱ्याखालील जमीन फडांत विभागलेली, एका फडात सर्वांचे एकच पीक, आणि पाणी सोडणार गावाने नेमलेला पाटकरी. स्वतःच्या शेतातही मनाला येईल ते पेरायचे नाही, हे बंधन शेतकऱ्यांनी आपण होऊन स्वीकारले होते.

तेव्हा बाग करू इच्छिणाऱ्यांनी कुदळीआधी वही हाती घ्यावी. जागा ज्यांच्या ताब्यात आहे त्या ग्रामपंचायतीची वा संस्थेची लेखी संमती, पाण्याच्या पाळ्या, वर्गणीचा हिशेब आणि महिन्याची बैठक, एवढे ठरले की मग माती. कुंपणाला शेवगा आणि कढीपत्ता, आत पालक, शेपू, गवार, वांगी. मराठवाड्याचा उन्हाळा कठोर आहे. एप्रिल-मेमध्ये पिण्याच्या पाण्याची ओढाताण असताना वाफे भिजवू नयेत. त्या दोन महिन्यांत जमीन पालापाचोळ्याखाली झाकून ठेवावी आणि खत मुरू द्यावे.

परंतु वहीत पहिले नाव कोणाचे लिहावे, हा खरा पेच आहे. प्लॉटधारकांची यादी तयार असते. भाडेकरूचे काय? घरोघरी धुणीभांडी करणाऱ्या बाईचे काय? कंबर वाकत नाही अशा वृद्धेचे काय? आणि आणखी एक प्रश्न आपण टाळू नये : एका वाफ्यात कोणाकोणाचे हात एकत्र आलेले आपल्याला चालतील?

आपल्याकडे सुगीनंतर शेतात पडलेली कणसे गोरगरिबांना वेचू देण्याची रीत आहे. तिला आपण सरवा म्हणतो. पवित्र शास्त्रातील रूथ अशीच सरवा वेचायला गेली होती. ही रीत सुंदर आहे. तथापि सरवा वेचणाऱ्याला उरलेलेच मिळते. १९७२च्या दुष्काळानंतर पुरंदर तालुक्यातील नायगाव येथे विलासराव साळुंखे यांनी पाणी पंचायत उभी केली, तेव्हा त्यांनी एक पाऊल पुढे टाकले. पाण्याचा वाटा जमिनीच्या प्रमाणात नव्हे, घरातील माणसांच्या प्रमाणात ठरला. भूमिहीनालाही तो मिळाला, आणि ऊस वर्ज्य झाला. भूमिहीनाच्या वाट्याला तेथे सरवा आला नाही, हक्क आला. दया आणि न्याय यांतील अंतर याहून स्पष्ट कसे दाखवावे?

यावर कोणी म्हणेल, न राबणाऱ्याला वाटा दिला तर राबणारा कुदळ टाकून जाईल. आक्षेप रास्त आहे. संत थॉमस अक्वायनस यांनीही मान्य केले आहे की, स्वतःच्या वस्तूची माणूस अधिक काळजी घेतो. म्हणून मालकी खासगी असण्यास त्यांची हरकत नाही. मात्र उपयोगाच्या बाबतीत माणसाने वस्तू सर्वांची समजावी आणि गरजवंताला ती सहज द्यावी, असे ते सांगतात. बागेला हे लावून पाहावे. वाफे घराघराला नेमून द्यावेत, म्हणजे काळजी राहील. भाडेकरू आणि कामवाली बाई यांचीही नावे त्या यादीत असावीत. श्रमाची व्याख्या मात्र रुंद करावी. बी निवडणारी वृद्धा आणि हिशेब लिहिणारा पंगू माणूस हेही राबतातच. आणि ज्याच्याने काहीच होत नाही, त्याच्यासाठी एक वाफा सर्वांनी मिळून करावा.

एखाद्या सकाळी दोन वांगी कमी भरतील. तेव्हा कुंपणाला कुलूप लावण्याचा मोह होईल. त्याआधी वही उघडून पाहावी : शेजारचे कोणते घर तिच्यात लिहायचे राहून गेले आहे?