ऐकावे, की बोलवावे?

ज्ञानाची इच्छा निर्दोष असते, असे आपण गृहीत धरून चालतो. परंतु ज्यास जाणून घ्यावयाचे त्याच्याशी आपण कसे वागतो, हा प्रश्न त्या इच्छेपासून वेगळा काढता येत नाही. मोबाइल घेऊन रानात पक्षी ओळखावयास निघालेल्या आजच्या मनुष्यापुढे तो अगदी साध्या रूपात उभा राहतो.

पावसाळा लागला, की मोलेपासून आंबोलीपर्यंत सह्याद्रीतील ओढ्यांकाठी शीळकरी कस्तूर गाऊ लागतो. त्याची शीळ एखाद्या वाटसरूने सहज घातल्यासारखी असते. गाणारा मात्र झाडीत दिसत नाही. पूर्वी अशा वेळी जाणत्याचा सहवास, नाहीतर सालीम अली यांचे १९४१ साली निघालेले ‘द बुक ऑफ इंडियन बर्ड्स’, एवढाच आधार असे. आता अमेरिकेतील कॉर्नेल विद्यापीठाच्या पक्षिविज्ञान प्रयोगशाळेचे ‘मर्लिन’ मोबाइलवर आवाज ऐकून नाव सुचविते; २०२१ पासून त्यात ही सोय आहे.

ह्यास आळस म्हणून नाक मुरडणे योग्य नव्हे. न्यायालयात तज्ज्ञाचे मत ग्राह्य असते, बंधनकारक नसते; निर्णय न्यायाधीशालाच द्यावा लागतो. यंत्राने सुचविलेले नावही असेच एक मत होय. रंग, चोच, उडण्याची ढब, स्थळ आणि ऋतू ह्यांच्या साक्षीशी ते जुळते की नाही, हे आपल्याच डोळ्यांनी पारखावयाचे असते. येथवर यंत्र केवळ ऐकते, आणि ऐकण्याने पक्ष्याचे काही जात नाही.

परंतु तेच यंत्र पक्ष्याला बोलवूही शकते. ध्वनिमुद्रित शीळ वाजविली, की विणीच्या काळातील नर आपल्या हद्दीत प्रतिस्पर्धी शिरला असे समजून पुढे येतो. आपल्यास दर्शन घडते, छायाचित्र मिळते. पक्ष्याची शक्ती मात्र नसलेल्या शत्रूशी झगडण्यात खर्च होते, आणि तेवढा वेळ घरटे मागे राहते. एकदा वाजविल्याने काय बिघडते, असे कोणी विचारील. पण ज्या ओढ्याचा पत्ता सर्वांस ठाऊक झाला, तेथे प्रत्येकाचे ‘एकदा’ मिळून पक्ष्याचा सबंध दिवस होतो.

१९७२ च्या वन्यजीव संरक्षण अधिनियमाने वन्य पक्ष्यांच्या घरट्यास उपद्रव देणे हे ‘शिकारी’च्या व्याख्येतच घातले आहे. मोबाइलवरील शीळ त्या शब्दांत बसते की नाही, ह्यावर वकील दोन्ही बाजूंनी बोलू शकतील. नीतीला तेवढी मोकळीक नाही. जो आपल्याला जाब विचारू शकत नाही, त्याच्याशी खोटे बोलणे सर्वांत सोपे असते. म्हणूनच आपल्या सचोटीची परीक्षाही तेथेच होते.

पक्षी न दिसता केवळ शीळ ऐकून परतावे लागले, तर काही राहून गेले असे वाटेल. तेवढे राहून जाऊ देणे, ही त्याच्या रानात शिरण्याची रास्त किंमत होय.