धोका नकाशावर, जोखीम घरात

माझा भाचा आणि भाचेसून कॅलिफोर्नियातल्या सॅन होजेचं बिऱ्हाड डॅलसला हलवायच्या विचारात आहेत. नोकरी तिकडे मिळते आहे, घरं त्यामानाने स्वस्त आहेत, प्लेनो-फ्रिस्को-अर्व्हिंगच्या पट्ट्यात मराठी माणसं मुबलक आहेत. गाडी अडली ती एकाच शब्दापाशी. टोर्नेडो. व्हिडिओ कॉलवर सगळे नातेवाईक जमले आणि दोन तट पडले. एकाने धोक्याच्या रंगांनी रंगवलेला अमेरिकेचा नकाशा पुढे केला. भाच्याने आकडा फेकला : “मामा, इथे वर्षाला चाळीस हजारांच्या आसपास माणसं रस्त्यावरच्या अपघातात मरतात. टोर्नेडोत सरासरी सत्तर. विषय संपला.”

‘विषय संपला’ या दोन शब्दांसाठी हा लेख.

बाकीच्या मतांवर फार वेळ घालवायला नको. ‘कुठेही गेलं तरी काहीतरी आहेच, तिकडे भूकंप, इकडे वादळ’ हे म्हणणं खरं असूनही निरुपयोगी आहे. ‘नशिबात असेल ते होईल’ म्हणणारे रस्ता ओलांडताना दोन्हीकडे बघतातच. आणि नकाशावाल्यांनी एवढंच ध्यानात ठेवावं, की टेक्ससमध्ये सर्वांत जास्त टोर्नेडो होतात याचं एक साधं कारण टेक्सस अवाढव्य आहे हेही आहे.

सरासरीवाल्यांशी मात्र भांडायला हवं. त्यांच्या म्हणण्याला विज्ञानाचा वास येतो आणि त्यामुळे भली शहाणी माणसं फसतात.

पहिली गोष्ट, ही सत्तरची सरासरी कुणाच्याच वाट्याला येत नाही. 2018 मध्ये अख्ख्या अमेरिकेत टोर्नेडोने 10 माणसं गेली, 2011 मध्ये 553. त्यांतली दीडशेहून अधिक मिसुरीतल्या जॉप्लिन या एका गावातली, 22 मे रोजी, एकाच संध्याकाळी. अशा वर्षांची सरासरी काढून तिच्यावर घर घेणं म्हणजे नदीची सरासरी खोली विचारून पाण्यात उतरणं.

दुसरी गोष्ट, मोटारीची तुलनाच मुळात चुकली आहे. मोटार सॅन होजेतही चालवायची आहे आणि डॅलसमध्येही. घर बदलताना दोन गावांमध्ये फरक कशाचा पडतो ते बघायचं असतं. दोन्हीकडे जे जवळपास सारखंच आहे, ते तराजूत टाकून काय कळणार? शिवाय मोटारीचा धोका आपण सरासरीवर सोडला आहे का? पट्टा आहे, परवाना आहे, विमा आहे, पोराला मागच्या सीटवर वेगळी खुर्ची आहे. मोटारीचा दाखला घ्यायचाच तर तो पुरता घ्यावा : टोर्नेडोपासून वाचवणारा पट्टा कुठे आहे, हेही विचारावं.

तिसरी गोष्ट, मोटारीतले मृत्यू आणि टोर्नेडोतले मृत्यू हे दोन रकाने वाटतात तेवढे वेगळेही नाहीत. 26 डिसेंबर 2015 रोजी, नाताळच्या दुसऱ्या दिवशी, अंधार पडल्यावर डॅलसला लागून असलेल्या गार्लंडमधून टोर्नेडो गेला. दहा माणसं मेली आणि त्यांतली बहुतेक हमरस्त्यावर, आपापल्या गाडीत होती. त्यांना कुठल्या रकान्यात लिहायचं?

आणि शेवटची, माझ्या मते सर्वांत महत्त्वाची गोष्ट. तो सत्तरचा आकडा लहान आहे तो काळजी घेतल्यामुळे. 18 मार्च 1925 रोजी एक टोर्नेडो मिसुरी, इलिनॉय, इंडियाना अशी तीन राज्यं कापत गेला आणि 695 माणसं मेली. त्या काळी सरकारी अंदाजात ‘टोर्नेडो’ हा शब्द वापरायलाही मनाई होती, लोक घाबरतील म्हणून. पुढे रडार आलं, भोंगे आले, निवारे आले. आज सावधगिरीची सूचना मिळाली तर सरासरी दहा-पंधरा मिनिटं आधी मिळते. आपल्याकडच्या वर्तमानपत्रांत टोर्नेडोलाही सर्रास ‘चक्रीवादळ’ म्हणतात. पण दोन्हींत फरक आहे. 2020 मध्ये कोकणात आलेलं निसर्ग चक्रीवादळ दोन-तीन दिवस आधी कळलं होतं. टोर्नेडोच्या वेळी हाताशी असतात ती मिनिटं. त्या मिनिटांच्या बळावर खाली आलेला आकडा दाखवून ‘मग काळजी कशाला’ म्हणणं म्हणजे छत्रीखाली उभं राहून पाऊस नाही म्हणणं.

एवढं बोलूनही मी भाच्याला डॅलसला जाऊ नकोस असं म्हणत नाही. कारण दोन्ही तटांनी प्रश्नच चुकीचा विचारला आहे. दोघंही विचारतात, ‘कुठे राहायचं?’ खरा प्रश्न आहे, ‘कशात राहायचं?’

मराठीत धोका आणि जोखीम हे शब्द आपण एकाच अर्थाने वापरतो. पण जुन्या बायका प्रवासाला निघताना हलक्या आवाजात ‘अंगावर जोखीम आहे’ म्हणायच्या, तेव्हा त्यांना अंगावरचे दागिने म्हणायचे असत. चोर हा धोका. दागिने ही जोखीम : आपण सोबत घेतलेली, आपण सांभाळायची. धोका बाहेर असतो, जोखीम आपल्यापाशी असते. टोर्नेडो आभाळाचा आहे, त्याचा नकाशा काढता येतो. जोखीम छपराची, भिंतीची, वेळेची आणि पैशाची आहे. तिचा नकाशा निघत नाही, ती घरोघरी निराळी असते.

ओक्लाहोमातल्या मूर गावाचं बघा. 1999, 2003, 2013, इतक्या वेळा भीषण टोर्नेडो याच गावातून गेले. 2013 मध्ये 24 माणसं गेली. त्यांत एका प्राथमिक शाळेतली सात मुलं होती आणि त्या शाळेत निवाऱ्याची खोली नव्हती. नकाशावाल्यांच्या हिशेबाने एव्हाना गाव ओस पडायला हवं होतं. 2000 साली तिथे 41 हजार लोक होते, 2020 मध्ये जवळपास 63 हजार झाले. पण गावाने सरासरीवाल्यांचंही ऐकलं नाही. 2014 मध्ये मूरने घरबांधणीचे नियम बदलले : ताशी 135 मैलांचा वारा झेलेल असं घर, छपराला भिंतीशी जखडणाऱ्या लोखंडी पट्ट्या, गॅरेजला मजबूत दार. कारण बहुतेकदा आधी गॅरेजचं दार आत जातं, वारा घरात शिरतो आणि छप्पर उचलतो. बहुसंख्य टोर्नेडो दुबळे असतात. त्यांच्यापुढे असं घर टिकतं. राक्षसी टोर्नेडोपुढे टिकणार नाही. त्यासाठी जमिनीतला किंवा पोलादी निवारा लागतो. धोका तोच राहिला, जोखीम बदलली.

उलट उदाहरणही त्याच देशात आहे. चाकांवरून आणून ठेवलेल्या, पाया नसलेल्या मोबाइल होममध्ये अमेरिकेतली जेमतेम सहा टक्के माणसं राहतात. घरात असताना टोर्नेडोने मरणाऱ्यांत मात्र निम्मी माणसं तिथली असतात. अलाबामा, मिसिसिपीत अशी घरं रानोमाळ विखुरलेली आहेत, आणि तिकडे टोर्नेडो बरेचदा रात्री येतात. तिथे राहणाऱ्याने नकाशा पाहिला नव्हता असं नाही. त्याला परवडलं ते तेवढंच. अशा माणसाला ‘सरासरी सत्तर’ ऐकवणं मला क्रूर वाटतं. त्याची जोखीम त्याने उचललेली नाही, त्याच्या अंगावर टाकलेली आहे.

म्हणून त्या कॉलच्या शेवटी मी भाच्याला एवढंच म्हटलं, जे घर बघायला गेला होतास ते दाखव. त्याचा व्हिडिओ काढलेलाच होता. स्वयंपाकघर, मोठा ओटा, मागचं अंगण. तळघर नाही. तिकडची चिकणमाती फुगते-आकसते, त्यामुळे सहसा नसतंच. मग जिन्याखालची खिडकी नसलेली अडगळीची खोली आली. फळीवर सायकलची तीन हेल्मेटं आणि जुन्या बुटांचे तीन जोड ओळीने मांडलेले. आधीच्या कुटुंबाचे असावेत. बूट कशाला, भाच्याला कळेना. वादळ गेल्यावर काचा आणि खिळ्यांवरून चालत बाहेर पडायचं असतं, म्हणून. त्या तीन जोडांना जे कळलं होतं, ते आमच्या दोन्ही तटांना तासभर भांडूनही कळलं नव्हतं.

तिकडे बिऱ्हाड हलवणाऱ्या प्रत्येकाला माझं एवढंच सांगणं. नकाशा बघा, आकडेही बघा, मग दोन्ही मिटवा. घर दाखवणाऱ्याला विचारा : रात्री दोनला भोंगा झाला, तर दहा मिनिटांत आम्ही सगळे कुठे जायचं? घर भाड्याचं असेल तर मालकाला हेच विचारा, आणि जमलं तर लेखी घ्या. उत्तर नसेल, तर ते घर घेऊ नका. गाव खुशाल घ्या.