स्वस्त अन्न आणि न्याय्य अभिप्राय

जेवण झाल्यावर अन्नाविषयी मत देणे ही इतकी साधी गोष्ट मानली जाते, की तिच्यात नीतीचा काही प्रश्न असेल अशी शंका सहसा कोणाला येत नाही. कलाकृतीच्या समीक्षकाकडून जाणकारीची व निःपक्षपातीपणाची अपेक्षा केली जाते. भोजनगृहातील गिऱ्हाईक मात्र पैसे मोजले एवढ्याच अधिकाराने निवाडा देते. ह्या अधिकाराचे स्वरूप आणि त्याच्या मर्यादा तपासण्यासाठी स्वस्त खाणावळीचे उदाहरण अधिक उपयोगी पडते. मोठ्या उपाहारगृहाला कीर्तीचे कवच असते. स्वस्त खाणावळ गिऱ्हाइकाच्या शब्दावर जगते.

अमेरिकेतील शिकागो शहरात ‘यीरोस’ विकणारी साधी दुकाने पुष्कळ आहेत. हॉल्स्टेड रस्त्यावरची ग्रीक वस्ती तर प्रसिद्धच आहे. उभ्या सळईवर मांसाचा शंकू आचेजवळ सावकाश फिरत असतो. त्याची खरपूस झालेली कड पातळ तासून, कांदा, टोमॅटो आणि दही, काकडी व लसूण यांच्या ‘त्झात्झिकी’सह ऊबदार पीटामध्ये गुंडाळून दिली जाते. टॅक्सीचालक, विद्यार्थी, रात्रपाळी संपवून निघालेले कामगार अशा दुकानांत येतात. अशा गिऱ्हाइकांची मते साधारणपणे तीन प्रकारची असतात : हे अस्सल ग्रीक नव्हे, एवढ्या पैशांत ठीकच आहे, आणि, येथे पुन्हा येणे नाही.

ह्यांतील पहिले मत सर्वांत विद्वत्तापूर्ण दिसते आणि सर्वांत कमी टिकते. ‘यीरोस’ ह्या ग्रीक शब्दाचा अर्थ फेरा किंवा वर्तुळ. तुर्की ‘दोनेर’ ह्या शब्दातही फिरण्याचाच अर्थ आहे. उभ्या सळईवर मांस भाजण्याची रीत एकोणिसाव्या शतकात ऑटोमन साम्राज्यात रूढ झाली. १९२२ मधील ग्रीसच्या पराभवानंतर आणि १९२३ च्या लोकसंख्या-विनिमयाच्या करारानुसार दहा लाखांहून अधिक लोक निर्वासित होऊन ग्रीसमध्ये आले; त्यांच्याबरोबर त्यांच्या खाण्यापिण्याच्या रीतीही आल्या. ग्रीसमध्ये हा पदार्थ प्रामुख्याने डुकराच्या मांसाचा झाला. पुढे १९७० च्या दशकात शिकागोमध्ये गोमांस व कोकराचे मांस दळून, मसाले घालून, दाबून केलेले शंकू कारखान्यांत तयार होऊ लागले आणि देशभरच्या छोट्या दुकानांत पोचले. ग्रीकमध्ये शब्दाच्या अखेरचा ‘स’ एकवचनाचा आहे. अमेरिकेत तो अनेकवचनाचा समजून गाळला जाऊ लागला. जो पदार्थ प्रत्येक सीमा ओलांडताना बदलत आला, त्याच्याकडे एकाच गावचा दाखला मागता येत नाही. ‘हा अथेन्सचा नव्हे’ हे वर्णन खरे असेल. पण वर्णन म्हणजे दोष नव्हे.

दुसरे मत उदार भासते. ‘एवढ्या पैशांत ठीकच’ म्हणणारा आपण मापात सवलत दिली असे मानतो. परंतु किंमत कोणत्या गोष्टींत सवलत देते आणि कोणत्या गोष्टींत देत नाही, हा विवेक येथे सुटतो. कापडी रुमाल, मंद दिवे, टेबलाशी येऊन केलेली विचारपूस ह्यांची अपेक्षा थोड्या डॉलरांत करणे अन्यायाचे आहे. मात्र मांस ताजे असावे, सुरी व फळी स्वच्छ असावी, माप प्रामाणिक असावे आणि बोलणे माणुसकीचे असावे, ह्या अपेक्षांना किंमत लागू होत नाही. शिवाय ‘स्वस्त’ हे विशेषण सापेक्ष आहे. ज्याला तेच एक जेवण परवडते, त्याच्या दृष्टीने ते स्वस्त नसते. त्याची तक्रार क्षुल्लक म्हणून बाजूला सारणे हा त्याच्या दारिद्र्याचा उपहासच ठरेल.

तिसरे मत हा सरळ निवाडा आहे. तो देण्याचा अधिकार कोणाचा? प्लेटोने ‘गॉर्जियास’ ह्या संवादात पाककौशल्याला कला न मानता सुख देण्याची केवळ सवय मानले. तसे असेल तर खाणाऱ्याचे मतही केवळ सुखदुःखाचा उद्गार ठरते. ॲरिस्टॉटलने ‘राज्यशास्त्र’ ह्या ग्रंथात, बहुजनांच्या निर्णयशक्तीचा विचार करताना, मेजवानीची पारख आचाऱ्यापेक्षा अतिथी अधिक चांगली करतो असा दृष्टान्त दिला आहे. गिऱ्हाइकाचा अधिकार ह्याहून स्पष्टपणे कोणी मांडला नसेल. पण त्या अधिकाराबरोबर एक अटही येते. भरताने नाट्यशास्त्राच्या सहाव्या अध्यायात रसाचे स्वरूप अन्नाच्याच उपमेने समजावले आणि आस्वाद घेणारा ‘सुमनस’ असतो असे म्हटले. मन ठिकाणावर नसलेल्याची जीभ साक्षीला अपुरी पडते. एका गर्दीच्या दुपारी थंड पीटा मिळाला, एवढ्यावरून दुकानच टाकाऊ ठरवणारा आपल्या रागाची साक्ष देत असतो. ‘पीटा थंड होता’ असे म्हणणारा दुकानदाराला सुधारण्याची आणि पुढच्या गिऱ्हाइकाला पारखण्याची संधी देतो. ‘मला आवडले नाही’ ह्या विधानाला पुराव्याची गरज नाही. ‘ते वाईट आहे’ ह्या विधानाला आहे. सळईपाशी दिवसभर उभ्या असलेल्या माणसाची रोजी दुसऱ्या विधानाने जाऊ शकते. म्हणूनच ते करणाऱ्यावर जबाबदारी येते.

न्याय्य अभिप्रायासाठी कोणते माप घ्यावे, ह्याचे उत्तरही ॲरिस्टॉटलकडेच सापडते. ‘निकोमाखीय नीतिशास्त्रा’च्या पाचव्या भागात समन्यायाविषयी बोलताना त्याने लेस्बॉसच्या बांधकामातील शिशाच्या पट्टीचा दाखला दिला आहे. ती ताठ राहत नाही. दगडाच्या आकाराप्रमाणे वळते आणि तरीही मोजते. साध्या खाणावळीला मेजवानीच्या ताठ पट्टीने मोजणे जितके अन्यायाचे, तितकेच तिला मोजण्यासारखे काही नाही असे मानणेही अन्यायाचे आहे. पहिल्याने दुकानदाराचे नुकसान होते, दुसऱ्याने गरीब गिऱ्हाइकाचे. पैसे देऊन अन्न विकत घेता येते. त्याविषयी खरे आणि नेमके बोलण्याचे कर्तव्य मात्र पैसे दिल्याने फिटत नाही.