एकट्याने गळ टाकावयास जाताना

आश्विन लागला, की वैनगंगेचे गढूळ पाणी निवळू लागते. बालाघाटच्या आसपास धानाच्या लोंब्या भरत असतात, आणि ज्यांना गळाचा नाद आहे अशा मंडळींचे चित्त घरात लागत नाही. त्यांतील काहींना सोबतही नको असते. पहाटे निघावे, दिवसभर खडकावर बसावे, कोणाशी बोलू नये, दिवेलागणीस परतावे. ह्या इच्छेस आपण काय म्हणावे? स्वार्थ, की विसावा?

आपल्या मंडळ्यांत एकटेपणाकडे थोड्या संशयाने पाहण्याची रीत आहे. जो सभेनंतर थांबत नाही, सहलीस येत नाही, त्याचे काहीतरी बिनसले असावे असे आपण लगेच ठरवितो. हे बरे नव्हे. आठवडाभर वर्गात व रविवारी शब्बाथ शाळेत सतत बोलणाऱ्या शिक्षकास एक दिवस मुकाट्याने पाण्याकडे पाहावेसे वाटले, तर त्यात वावगे काय? लोकसमुदायास निरोप देऊन प्रभूही एकांती डोंगरावर गेला होता. तेव्हा एकटे जावे की नाही, हा माझ्या मते खरा प्रश्नच नाही. एकटे जाणारा स्वतःस किती एकटा समजतो, हा प्रश्न आहे.

अमेरिका व कॅनडा यांच्या पश्चिम किनाऱ्यावर ह्याच ऋतूत सॅमन मासे समुद्रातून नद्यांत चढतात. तेथील बहुतेक सॅमन अंडी घालून मरतात. त्यांचाच भाऊबंद स्टीलहेड मात्र वाचला तर पुन्हा समुद्रास जातो. त्यांच्यासाठी तिकडचे लोक महिनोन्महिने आधी बेत आखतात. आपल्याकडे तो मान महसीराचा. मद्रास इलाख्यातील अधिकारी हेन्री सलिव्हन टॉमस यांनी 1873 साली ‘द रॉड इन इंडिया’ ह्या पुस्तकात, गळाशी झुंज देण्यात महसीर सॅमनहून सरस असल्याचा निर्वाळा दिला होता. नर्मदेत तो एके काळी विपुल होता. बांधांनी वाहते पाणी अडले तसा विरळ झाला. 2011 पासून तो मध्य प्रदेशाचा राज्यमासा आहे. तो गळास लागलाच, तर ओल्या हातांनी सोडवून परत पाण्यात द्यावा हेच उचित. रोहू किंवा मरळ घरी न्यावा, तोही खाण्यापुरता.

पावसाळा हा पुष्कळ माशांचा अंडी घालण्याचा काळ. म्हणून मध्य प्रदेशात 16 जून ते 15 ऑगस्ट मासेमारी बंद असते. वाचकहो, ह्याचा अर्थ पाहा. ज्यांची चूल माशांवर पेटते त्या ढीमर कुटुंबांनी ऐन पावसाळ्यात दोन महिने जाळी वाळत ठेवली, तेव्हा कोठे आपल्या हौशी मनुष्याच्या गळास आश्विनात मासा लागतो. त्यास वाटते, नदीवर मी एकटा आहे! तलाव व जलाशयांत तर मासेमारीचा हक्क बहुधा अशाच लोकांच्या सहकारी संस्थांकडे पट्ट्याने दिलेला असतो. तेथे न विचारता गळ टाकणे म्हणजे दुसऱ्याच्या शेतात शिरणे होय. कान्हाच्या राष्ट्रीय उद्यानातील नद्यानाले वर्ज्यच.

पण सर्वांत मोठी गोष्ट पाण्याची. वैनगंगेवर वरच्या अंगास, शिवनी जिल्ह्यात, भीमगडचा संजय सरोवर बांध आहे. ऑगस्ट 2020 च्या अखेरीस तेथून सोडलेले पाणी व अतिवृष्टी यांमुळे बालाघाट, गोंदिया व भंडारा जिल्ह्यांत काठच्या वस्त्यांत पाणी शिरले. तो मोठा प्रसंग झाला. परंतु डोक्यावर निरभ्र आकाश असतानाही वरून पाणी सुटले, की मधल्या खडकावर बसलेल्याची वाट बंद होऊ शकते. अशा वेळी काही जण मोठ्या धिटाईने म्हणतात, “जीव माझा, धोका माझा.” हे बोलणे मला पटत नाही. जीव धोक्यात घालणारा एक असतो, पण रात्री कंदील व विजेऱ्या घेऊन काठ धुंडाळणारे वेगळे असतात, आणि पाण्यात बुडी मारणारा कोणी तरी ढीमर बांधव असतो, ज्याच्या घरीही बायकामुले आहेत. आपला धोका आपण त्यांस न विचारता वाटून दिलेला असतो.

शुभवर्तमानांत मासे धरण्याचे प्रसंग बहुतेक जाळ्याचे, म्हणजे अनेकांच्या कामाचे आहेत. गळाचा प्रसंग एकच, मत्तयाच्या सतराव्या अध्यायात. मंदिराच्या कराकरिता पेत्रास समुद्रावर जाऊन गळ टाकावयास सांगितले जाते. तेथे सोबत्यांचा उल्लेख नाही. परंतु माशाच्या तोंडात जे नाणे सापडावयाचे, ते दोघांच्या कराचे होते. शब्बाथ शाळेत हा धडा घेताना आपण चमत्कारावरच थांबतो. त्या हिशेबाकडे मुलांचे लक्ष सहसा वेधीत नाही.

आमच्या ओळखीचे एक निवृत्त शिक्षक दर वर्षी एकटेच जातात. पूर्वी ते “येतो गं” एवढेच सांगून निघत. एका वर्षी बाईंनी दारातच विचारले, “अहो, अंधार पडला तर मी कोणाला हाक मारू, आणि कोणत्या काठाला?” मास्तरांकडे उत्तर नव्हते. तेव्हापासून ते आदल्या रात्री कागद लिहितात: कोणत्या गावापलीकडे, नदीचा कोणता काठ, सायकल कोणाच्या अंगणात ठेवणार, किती वाजता गळ गुंडाळणार, आणि किती वाजेपर्यंत न आल्यास कोणास फोन करावा. नदीवर मोबाईल लागेलच असे नाही, म्हणून हे आधीच ठरविलेले. पाणी चढताना दिसले तर मासा गळास असला तरी दोरी तोडून वर यावयाचे, ही ओळ बाईंनी घालावयास लावली. मास्तरांनी थोडी कुरकुर केली, पण लिहिली. आता ते कागदाच्या दोन प्रती करतात. एक घरी तांदळाच्या डब्याखाली, दुसरी ज्याच्या अंगणात सायकल ठेवतात त्या ढीमराकडे. त्यास वाचता येत नाही, म्हणून त्याच्या नातवास वाचून दाखवितात.